खांदा, हनुवटी आणि नियम 48: धक्का जोरदार होता, पण निलंबन व्हायला हवं का?

7 डिसेंबर 2021, शिकागो. बर्फावरच्या हॉकीची उत्तर अमेरिकेतली मोठी लीग एनएचएल, तिच्यातला शिकागोचा न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धचा सामना. शिकागोचा फॉरवर्ड जुझार खैरा पास घ्यायला पुढे वाकलेला, नजर पायाजवळच्या पकवर (या हॉकीत चेंडूऐवजी असणारी चकती). समोरून रेंजर्सचा डिफेन्समन जेकब ट्रूबा आला आणि त्याचा खांदा खैराला भिडला. खैरा जो कोसळला तो उठलाच नाही. स्ट्रेचरवरून रुग्णालयात न्यावं लागलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. ट्रूबाला बर्फावर पेनल्टी (सामन्यातच काही मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा) मिळाली नाही, नंतर निलंबनही (पुढचे काही सामने खेळायला बंदी) झालं नाही.

खैरा हा कॅनडातल्या सरी शहरचा पंजाबी मुलगा, एनएचएलपर्यंत पोचलेल्या मोजक्या पंजाबी खेळाडूंपैकी एक. त्यामुळे एरवी बर्फावरच्या हॉकीकडे ढुंकूनही न बघणाऱ्या देशी मंडळींपर्यंतही ती क्लिप पोचली. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: माणूस बेशुद्ध पडला आणि मारणाऱ्याला काहीच नाही? हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे. या खेळात पक असलेल्याला अंगाने धक्का देणं मुळात चालतं, वाद असतो तो धक्का कसा दिला याचा. पण असे वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागेवरून सुरू होतात. किती लागलं, त्याला मुद्दाम मारायचं होतं का, रेफरीने शिट्टी का वाजवली नाही, यावरच सगळी शक्ती खर्च होते. निलंबनाचा निर्णय यातल्या एकाही गोष्टीने सुरू होत नाही. तो सुरू होतो नियम 48 पासून, म्हणजे डोक्याला दिलेल्या धक्क्यांबद्दलच्या एनएचएलच्या नियमापासून, आणि त्या नियमाचे प्रश्न दोनच. धक्क्याचा मुख्य स्पर्श डोक्याला झाला का? आणि झाला असेल, तर तो टाळता आला असता का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच धक्का बेकायदा. एकाचंही 'नाही' आलं, तर या नियमाखाली प्रकरण तिथेच संपतं, मग समोरचा स्ट्रेचरवर का असेना.

दुसऱ्या प्रश्नासाठी नियमात तीन कसोट्या दिल्या आहेत. धक्का देणारा समोरच्याच्या अंगातून सरळ जायला बघत होता, की चुकलेली वेळ, वाकडा कोन किंवा गरज नसताना अंग वर-बाहेर ताणणं यामुळे डोकंच तेवढं टिपलं गेलं? धक्का खाणाऱ्याने स्वतःच अशी ठेवण घेतली होती का, की एरवी योग्य असलेल्या धक्क्यातही डोक्याला लागणं अटळ होतं? आणि धक्क्याच्या अगदी आधी किंवा धक्क्याच्याच क्षणी त्याने अंग वा डोकं एकदम हलवलं का?

आता हे रीप्लेमध्ये पाहायचं कसं? इथे थोडं गणित करावंच लागतं. दोन खेळाडू समोरासमोरून प्रत्येकी ताशी 27 किलोमीटरने येत असतील (एनएचएलच्या मानाने हा काही फार वेग नव्हे), तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 15 मीटरने कमी होतं. सेकंदाला 60 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत ते 25 सेंटीमीटर जवळ आलेले असतात. मोबाइलवर फिरणारी क्लिप बहुधा 30 चित्रांची असते, तिथे हेच अंतर अर्धा मीटर होतं. म्हणजे खांदा आधी छातीला लागला की हनुवटीला, तो नेमका क्षण बहुतेक वेळा कुठल्याच चित्रात नसतो. तो दोन चित्रांच्या मधे हरवलेला असतो. फोनवर एक चित्र गोठवून त्यावर लाल गोल काढणारे जे काही सिद्ध करू पाहतात, ते त्या चित्रात असतंच असं नाही.

म्हणून जाणते लोक स्पर्शाचा क्षण शोधत बसत नाहीत, त्यानंतरची हालचाल बघतात. धड आधी मागे ढकललं गेलं आणि डोकं पुढे झुकून मग त्याच्यामागून ओढलं गेलं, तर जोर अंगात गेला. डोकं आधी झटक्यात मागे किंवा बाजूला फिरलं, हेल्मेट उडालं आणि धड मात्र पहिल्या दिशेनेच सरकत राहिलं, तर डोकं टिपलं गेलं. हा फरक साध्या क्लिपमध्येही दिसतो, मात्र कॅमेरा बाजूचा हवा. धक्का देणाऱ्याच्या पाठीमागून घेतलेल्या चित्रणात सगळेच धक्के डोक्यात गेल्यासारखे वाटतात.

याच वेगाचा दुसरा अर्थ असा, की माणसाला काही दिसून शरीराने त्याला उत्तर देईपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. सेकंदाला 15 मीटरच्या हिशेबात हे झाले पावणेचार मीटर. एवढ्या अंतराच्या आत समोरच्याने मान खाली घातली, तर धक्का देणाऱ्याला खांदा वळवायला वेळच उरत नाही. तिसरी कसोटी याचसाठी आहे. पण मान त्याच्या आधीपासूनच खाली होती, तर ती धक्का देणाऱ्याला दिसत होती, आणि मग 'अचानक हलला' ही सबब चालत नाही. त्यासाठी दुसरी कसोटी लावावी लागते, आणि ती बरीच निसरडी आहे. त्याकडे पुढे येतोच.

नियम नीट कळायचा असेल, तर ट्रूबाचेच तीन धक्के शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फेब्रुवारी 2017 मध्ये, विनिपेगकडून खेळताना, त्याने ऑटवाच्या मार्क स्टोनला मारलेला धक्का. तिथे ट्रूबाने धरलेला कोन असा होता, की अंगाचा मोठा भाग सुटला आणि डोकंच सापडलं. नियम 48, दोन सामने. जानेवारी 2024 मध्ये वेगासच्या पावेल डोरोफेयेवला मारलेला धक्का. तिथे कोपर अंगापासून सुटून वर गेलं आणि डोक्याला लागलं. तो कोपराच्या नियमाखाली आला, पुन्हा दोन सामने. आणि या दोन्हींच्या मधला खैराचा. तिघांपैकी स्ट्रेचरवरून गेला तो खैरा, आणि शिक्षा झाली नाही ती त्याच धक्क्याला. वरवर पाहता हे उफराटं वाटतं. पण खैराच्या वेळी ट्रूबाने खांदा वापरला, कोपर अंगालगत होतं, तो समोरून आला होता आणि पक खैराच्या पायात होता. खैरा इतका पुढे झुकलेला होता, की त्याचं डोकं छातीच्या पुढे आलं होतं. छातीवर नेम धरलेला खांदा वाटेत डोक्याला भेटणारच. नियम आज जसा लिहिला आहे तसा वाचला, तर निलंबन बसत नाही, आणि शिक्षा ठरवणाऱ्या लीगच्या विभागाने ते केलं नाही हे बरोबरच झालं असं माझं मत आहे. नियमच तसा असावा का, हा वेगळा वाद.

बाकी नेहमीचे गैरसमज थोडक्यात उरकतो. 'त्याचे दोन्ही पाय बर्फावरून सुटले होते' हे चित्र दाखवून उडी मारल्याचा आरोप होतो. पाय धक्क्याच्या आधी सुटले की नंतर, एवढंच पाहायचं. एवढ्या जोराची टक्कर झाल्यावर दोघांचेही पाय सुटतात. कोपराचंही तेच. धक्क्यानंतर हात वर जाणं हा टकरीचा परिणाम असू शकतो, हात आधीच वर निघाला असेल तर मात्र गुन्हा. (गंमत म्हणजे कोपराच्या पॅडवर किमान अर्धा इंच जाडीचं मऊ आवरण हवं, नाहीतर तो पॅड धोकादायक साहित्यात धरला जातो, असं एनएचएलच्या नियमपुस्तकातच आहे. म्हणजे कोपर लोकांच्या तोंडात जातं हे त्यांनी केव्हाच धरून ठेवलं होतं.) उशिरा दिलेल्या धक्क्यांचा हिशेब आणखी वेगळा. ज्याने पक शेवटचा हाताळला त्याला लगेच आणि तिथल्या तिथे धक्का देता येतो, पण तो पक सोडून पुढे निघून गेल्यावर त्याच्यावर धावून जाणं हा अडथळ्याचा गुन्हा होतो, मग डोक्याला लागो वा न लागो.

आणि 'पेनल्टीच दिली नाही, म्हणजे धक्का स्वच्छ होता' हे तर साफ खोटं. 5 मार्च 2021 ला वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने बोस्टनच्या ब्रँडन कार्लोला बोर्डपाशी, म्हणजे मैदानाभोवतीच्या काच लावलेल्या कुंपणापाशी, धक्का दिला. कार्लोचं डोकं काचेवर आदळलं. बर्फावर शिट्टी वाजली नाही, आणि निलंबन झालं सात सामन्यांचं. रेफरी खेळाच्या वेगात, एका कोनातून बघतो. न्यूयॉर्कच्या कचेरीतली माणसं तोच धक्का पाच-सहा कोनांतून, हव्या तितक्या वेळा बघतात.

ही न्यूयॉर्कची कचेरी म्हणजे लीगचा खेळाडू सुरक्षा विभाग. 2011 मध्ये सुरू झाला. पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहन, मग स्टेफान किंटाल, आणि 2017 पासून जॉर्ज पॅरोस. पॅरोस स्वतः मारामारी करणारा गडी म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्याची टीका तेव्हापासून चालू आहे. मला ती तितकीशी पटत नाही. धक्का कुठे पोचणार हे निघतानाच ओळखणारी नजर त्या खोलीत हवीच.

कामाची रीत अशी. विभागाची माणसं प्रत्येक सामना पाहतात, संशयास्पद प्रसंग कापून ठेवतात आणि त्यावर आपापसात मतं मांडतात. प्रमुखाला वाटलं तर खेळाडूला सुनावणीला बोलावतात. सुनावणी दोन प्रकारची असते, आणि बोलावणं कुठल्या प्रकारचं आलं यावरून जाणकार निकालाचा अंदाज बांधतात. फोनवरची साधी सुनावणी असेल, तर जास्तीत जास्त पाच सामने. समोरासमोरची ठेवली, तर सहा किंवा त्याहून जास्त सामन्यांची वाट मोकळी होते. सुनावणीला खेळाडूबरोबर त्याची संघटना असते, क्लबची माणसं असतात. निकालानंतर कारणं सांगणारी चित्रफीत प्रसिद्ध होते. निर्णय पटो न पटो, ती पाहून मग भांडावं. वर सांगितलेल्या कसोट्या तिथे एकेक करून लावलेल्या दिसतात.

शिक्षेचे सामने ठरवताना मात्र दुखापत आत येते. कृत्याचा प्रकार, दुखापत, खेळाडूचा इतिहास आणि प्रसंग (निकाल लागून गेलेला सामना, शेवटची मिनिटं, आधीची खुन्नस) हे सगळं बघायचं, असं खेळाडू संघटनेबरोबरच्या करारातच लिहिलेलं आहे. धक्का गुन्हा आहे का, हे ठरवताना दुखापत मोजत नाहीत. गुन्हा ठरल्यावर किती सामने, यात ती मोजतात. हे दोन टप्पे एकत्र कालवले की वाद कधीच संपत नाही.

इतिहासाचं वजन किती पडतं, हे विल्सनच्याच 2018 च्या प्रकरणात दिसलं. 30 सप्टेंबरच्या सराव सामन्यात त्याने सेंट लुईसच्या ऑस्कर सुंडक्विस्टला डोक्यात धक्का दिला. 105 सामन्यांत हे त्याचं चौथं निलंबन होतं, म्हणून थेट 20 सामने. लीगचे कमिशनर गॅरी बेटमन यांच्याकडे अपील झालं, त्यांनी 20 कायम ठेवले. सहा किंवा जास्त सामन्यांची शिक्षा असेल तर त्यावर तटस्थ लवादाकडे जाता येतं. तेव्हा तो लवाद होते श्याम दास. त्यांनी गुन्हा मान्य केला, पण शिक्षा 14 सामन्यांवर आणली. तोवर विल्सनचे 16 सामने बाहेर बसून झालेही होते! दोन सामने फुकट गेले, सहा सामन्यांचे 3,78,049 डॉलर तेवढे परत मिळाले. 2021 मध्ये कोलोराडोच्या नाझेम काद्रीने जस्टिन फॉल्कला मारलेल्या धक्क्याचे आठ सामने याच दास यांच्यासमोर गेले, आणि तिथे त्यांनी एकही कमी केला नाही. म्हणजे लवादाकडे गेलं की सूट ठरलेली, असं नाही.

पैशाचा हिशेब चमत्कारिक आहे, आणि तो कळला की बऱ्याच बातम्यांचे आकडे उलगडतात. 2013 च्या करारातल्या सूत्राप्रमाणे, पहिल्यांदा सापडलेल्याचा वार्षिक पगार हंगामाच्या एकूण दिवसांनी भागायचा आणि सामन्यामागे तेवढी रक्कम कापायची. मागच्या 18 महिन्यांत निलंबन झालेलं असेल, तर भागायचं सामन्यांच्या संख्येने, म्हणजे 82 ने. वर्षाला 80 लाख डॉलर मिळवणाऱ्याला, 192 दिवसांचा हंगाम धरला, तर पहिल्या वेळी सामन्यामागे सुमारे 41,667 डॉलर जातात, दुसऱ्या वेळी सुमारे 97,561. ही रक्कम खेळाडूंच्याच मदतनिधीत जाते.

आता या 18 महिन्यांची खोच बघा. ऑक्टोबर 2015 मध्ये सॅन होजेच्या राफी टॉरेसने अ‍ॅनहाइमच्या याकोब सिल्फरबर्गला डोक्यात धक्का दिला आणि त्याला 41 सामने मिळाले, बरोबर अर्धा हंगाम. 2012 मध्ये मारियन होसाला मारलेल्या धक्क्यासाठी त्याला आधीच 25 सामने लागलेले होते, ते अपिलात 21 झाले होते. एवढा नामचीन माणूस, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो इतका काळ बाहेर होता, की मधे 18 महिने उलटून गेले आणि कागदोपत्री तो 'पहिल्यांदा सापडलेला' ठरला. 20 लाखांच्या पगारावर कापले गेले 4,40,860 डॉलर. सराईत म्हणून हिशेब केला असता, तर नेमके दहा लाख झाले असते. सामन्यांची संख्या ठरवताना विभाग जुना इतिहास बघतो, पगार कापताना करार बघत नाही. टॉरेस त्यानंतर एनएचएलचा एकही सामना खेळला नाही, ती गोष्ट निराळी.

आता त्या निसरड्या दुसऱ्या कसोटीकडे येऊ. ती आली कुठून हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 26 मे 2000, फिलाडेल्फिया, मालिकेचा सातवा सामना. न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने ब्लू लाइन (हल्ल्याच्या क्षेत्राची निळी रेषा) ओलांडणाऱ्या, मान खाली असलेल्या एरिक लिंड्रॉसच्या हनुवटीत खांदा घातला. पेनल्टी नाही, निलंबन नाही, कारण तेव्हा खांद्याने डोक्यात मारणं बेकायदा नव्हतंच. तीन वर्षांनी अंतिम फेरीत त्याच स्टीव्हन्सने पॉल करियाला तसंच आडवं केलं. 'मान वर ठेवून खेळ' हे तिथे प्रत्येक पोराला लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि मान खाली घातली तर दोष तुझा, असा त्याचा अर्थ घेतला जायचा.

हे मोडलं मार्च 2010 मध्ये. पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सॅव्हार्डला, तो नुकताच फटका मारून मोकळा झालेला असताना, नजरेआडच्या बाजूने येऊन डोक्यात खांदा मारला. कुकला शिक्षा करायला नियमच नव्हता. योगायोगाने लगेचच फ्लोरिडात क्लबांच्या जनरल मॅनेजरांची बैठक होती, आणि नियम 48 ची सुरुवात तिथे झाली. आधी तो फक्त बाजूने किंवा नजरेआडून आलेल्या धक्क्यांपुरता होता. 2011-12 मध्ये ती अट गेली. 2013-14 मध्ये 'टाळता येण्याजोगा' ही कसोटी आली. सॅव्हार्ड परतला, जानेवारी 2011 मध्ये त्याच्या डोक्याला पुन्हा मार बसला, आणि त्याची कारकीर्द संपली.

म्हणजे नवा नियम करतानाही जुन्या समजुतीचा एक तुकडा आत ठेवला गेला: धक्का खाणाऱ्याची ठेवण. खैराच्या प्रकरणात निर्णायक ठरला तो हाच तुकडा. पायात आलेला पक घ्यायला खाली बघणं हा काही निष्काळजीपणा नाही, तो खेळाचाच भाग आहे. पास चांगला आला तर मान वर राहते, वाईट आला तर खाली जाते. म्हणजे सोबत्याच्या वाईट पासची किंमत पास घेणाऱ्याच्या मेंदूने मोजायची.

माझं म्हणणं, निलंबन आहे तिथेच ठेवा, टाळता येण्याजोग्या धक्क्यांसाठी. पण डोक्याला मुख्य स्पर्श झाला, तर टाळता आला असता की नाही हे न बघता दोन मिनिटांची पेनल्टी द्या. यावर 'अपघाताला शिक्षा कशी?' असं विचारतात. याच लीगमध्ये स्टिक चुकून कुणाच्या तोंडाला लागली तर दोन मिनिटं मिळतात, आणि दुखापत झाली तर चार. तिथे कुणी हेतू विचारत नाही. आपली स्टिक आपण सांभाळायची, एवढाच नियम. स्वतःच्या क्षेत्रातून पक चुकून काचेवरून प्रेक्षकांत गेला तरी दोन मिनिटं. स्टिकने ओठ फुटला तर जबाबदारी मारणाऱ्याची, आणि शंभर किलोच्या माणसाने खांद्याने बेशुद्ध केलं तर जबाबदारी पडणाऱ्याची, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खेळाडू मुद्दाम डोकं खाली घालून पेनल्टी मिळवतील. बोर्डपाशी असं होतं खरं. धक्का येताना दिसला की पाठ फिरवायची, म्हणजे मागून मारल्याचा गुन्हा समोरच्यावर. पण मैदानाच्या मधोमध, ताशी 27 किलोमीटरने येणाऱ्या खांद्यासमोर दोन मिनिटांच्या पॉवर प्लेसाठी (समोरचा एक गडी पेनल्टीमुळे बाहेर असतो तो वेळ) स्वतःचं डोकं देणारा खेळाडू मला तरी दिसत नाही. आणि दिलंच कुणी, तर सोंग आणल्याची पेनल्टी नियमपुस्तकात आधीपासून आहे.

या हिशेबाने खैराच्या धक्क्याला ट्रूबा दोन मिनिटं बाहेर बसला असता, आणि निलंबन तरीही झालं नसतं. ज्यांना त्याला दहा सामने बाहेर बघायचा होता त्यांचं यात समाधान होणार नाही, आणि 'मान वर ठेव'वाल्यांचंही नाही.